लेझर तोफ पावसात चालवून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धनौकांवर बसवायच्या लेझर शस्त्रांबद्दल आपल्या अंकात आलेला मजकूर आमच्या दुकानात चहाच्या वेळी मोठ्याने वाचला गेला. प्रकाशाच्या वेगाने मारा, दोन-तीन रुपयांत ड्रोन खाक, दारूगोळा कधी संपणारच नाही, हे ऐकून माझा ऑपरेटर कप खाली ठेवून हसायला लागला. म्हणून हे पत्र. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेझर कटिंगचं जॉबवर्क करतो. ट्रॉलीवाले, गुऱ्हाळाचं सामान करणारे, शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखानदार यांची शीट आमच्याकडे कापायला येते. नौदलातलं मला काही कळत नाही. फायबर लेझर मात्र कळतो, कारण त्याचा हप्ता मी भरतो.

मी या शस्त्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या कुणीतरी मला देशद्रोही ठरवून मोकळा होईल. त्यामागचा हिशोब रास्त आहे. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांची काही हजार डॉलरची ड्रोन पाडायला अमेरिकी नौदलाने एकेक सुमारे वीस लाख डॉलरचं क्षेपणास्त्र खर्ची घातलं. जहाजावर क्षेपणास्त्रं मोजकीच मावतात आणि संपली की बंदर गाठावं लागतं. हे दुखणं आपल्या दारातही आलं होतं. २३ डिसेंबर २०२३ ला मंगळुरूकडे निघालेल्या ‘केम प्लूटो’ या टँकरवर पोरबंदरपासून दोनशेहून जास्त सागरी मैलांवर ड्रोन येऊन आदळलं. जहाजावरचे जवळपास सगळे खलाशी भारतीय होते. त्यानंतर आपल्या नौदलाला अरबी समुद्रात विनाशिका तैनात कराव्या लागल्या. अशा वेळी विजेवर चालणारं, पुन्हा पुन्हा डागता येणारं हत्यार कुणाला नको असेल?

तेव्हा लेझर हवा की नको, हा वाद नाही. माझा मुद्दा चाचण्यांचा आहे आणि त्यांच्या बातम्यांचा.

अमेरिकेने २०१४ साली पर्शियन आखातात ‘पॉन्स’ नावाच्या जुन्या जहाजावर ३० किलोवॉटचा लेझर बसवला. त्याच्या पोटात होते वेल्डिंगसाठी बाजारात मिळणारे सहा फायबर लेझर, एकाच ठिपक्यावर रोखलेले. उद्यमनगरात याचं कुणाला नवल वाटणार नाही. आमच्या मशीनमधला सोर्सही, म्हणजे झोत तयार करणारा भागही, त्याच जातीचा, साधारण एक मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. फरक ताकदीचा आहे आणि त्याहून मोठा फरक अंतराचा. आमचं नोझल शीटपासून मिलिमीटरभर वर असतं. तिथे निशाणा काही किलोमीटरवर असतो आणि मधे सगळा समुद्र.

आता ‘प्रकाशाच्या वेगाने मारा’ घ्या. प्रकाश प्रकाशाच्या वेगाने पोचतो, बरोबर आहे. पोचल्यावर काय होतं? आमच्याकडे जाड एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट आली की कापायच्या आधी भोक पाडावं लागतं, त्याला पियर्सिंग म्हणतात. सोळा एमएमच्या प्लेटला मिलिमीटरभर अंतरावरून, वरून ऑक्सिजनचा झोत मारत असतानाही भोक पडायला काही क्षण थांबावं लागतं. गॅस कशाला, तर तापलेलं लोखंड जाळायला आणि वितळलेला धातू उडवून द्यायला. हवेत उडणाऱ्या ड्रोनला कोण गॅस मारणार? तिथे ठिपका एकाच जागी धरून ठेवायचा, तापवायचं, जाळायचं.

ऑपरेटरने एका कागदाच्या मागे गणित मांडलं, ते देतो. दोन एमएमचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर पाच सेंटिमीटर व्यासाचा ठिपका. तेवढ्यातला धातू भरतो साधारण साडेदहा ग्रॅम. तो वितळवायला दहा किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. ३० किलोवॉटचा लेझर ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात देईल. झालं की काम! पण कोरं ॲल्युमिनियम या तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश परतवून लावतं, म्हणून तर आमच्याकडे ॲल्युमिनियमचा जॉब आला की ऑपरेटर तोंड वाकडं करतो. त्यातून ठिपका थरथरतो, ड्रोन वळतं, जहाज डोलतं, वाटेतल्या हवेत थोडा प्रकाश सांडतो. म्हणजे तिसरा हिस्सा राहिला कागदावर, प्रत्यक्षात काही सेकंद जातात. ड्रोनचं अंग प्लास्टिकचं किंवा कार्बन फायबरचं असेल तर काम लवकर होतं, हेही खरं. पण तेवढे सेकंद लेझर त्या एकाच ड्रोनवर अडकून पडतो. दहा ड्रोन एकदम आली तर दहावं आपल्या पाळीची वाट बघत थांबणार नाही.

इंग्रजांनी हे सेकंद निदान आडून तरी सांगितले. त्यांच्या ‘ड्रॅगनफायर’ची चाचणी स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीजच्या रेंजवर झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. किलोमीटरवरचं नाणं टिपण्याइतका नेम, एका माऱ्याला दहा पौंडांहून कमी खर्च, असं त्यांचं संरक्षण खातं म्हणालं. सगळ्या पेपरांनी हेच छापलं. पण त्याच निवेदनात होतं की दहा सेकंद लेझर चालवायला घरातला हीटर तासभर चालवण्याइतकाच खर्च येतो. यातले दहा सेकंद कुणी उचलून धरले नाहीत, सगळ्यांनी हीटर उचलला.

खर्चाचंही तसंच. ३० किलोवॉटच्या झोताला साधारण शंभर किलोवॉट वीज आत जावी लागते, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. दहा सेकंद म्हणजे पाव युनिटहून थोडी जास्त. एमआयडीसीच्या दराने दोन-तीन रुपये. हिशोब चोख आहे! पण मी गिऱ्हाईकाला कटिंगचा दर विजेवर लावला तर महिन्याभरात दुकानाला कुलूप लागेल. सोर्स, चिलर, काचा, माणूस, सर्व्हिस आणि मशीन बंद पडून जाणारे दिवस, हा खरा खर्च. बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवायला काही लागत नाही म्हणून बंदूक फुकट म्हणायची काय?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दमट हवा.

ज्याच्याकडे फायबर लेझर आहे त्याला विचारा, मशीनचा वैरी कोण? तो धूळ म्हणणार नाही, व्होल्टेज म्हणणार नाही, जून महिना म्हणेल. लेझर थंड ठेवायला चिलरमधून पाणी फिरत असतं. बाहेरची हवा ओली आणि आतलं पाणी गार असलं की सोर्सच्या आत, लेन्सवर, डायोडवर दव धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसंच हे, फक्त इथे तांब्याची किंमत लाखांत असते. म्हणून मृग लागला की आम्ही चिलरचं तापमान वाढवून ठेवतो, सोर्सच्या केबिनचा एसी रात्रीसुद्धा बंद करत नाही, आणि वीज जाऊन आली तर लगेच मशीन चालू न करता आधी केबिन कोरडी होऊ देतो. आमच्या शेजारच्या गाळ्यात एका पावसाळ्यात सोर्स असाच गेला. उघडून बघितला तर आत ओल. मशीन विकणाऱ्या कंपनीने हात वर केले, ओलाव्याला वॉरंटी नाही म्हणाली. तो माणूस पुढचे कितीतरी महिने बिनमशीनच्या मशीनचा हप्ता भरत होता.

दुसरी गोष्ट काच. झोत जिथून बाहेर पडतो तिथे, लेन्सच्या खाली, संरक्षणाची एक छोटी काच असते. तिच्यावर धुळीचा एक कण बसू द्या. कण तापतो, काचेला पांढरा डाग पडतो, डाग आणखी उष्णता धरतो आणि बघता बघता काच तडकते. ती बदलताना ऑपरेटर पंखा बंद करतो, हात पुसतो, श्वासही जपून घेतो. हे बंद खोलीत, कोल्हापुरात, समुद्रापासून घाटाच्या अलीकडे.

माझी सासुरवाडी देवगडची. तिथल्या घराच्या खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात. पावसाळ्यात बंदरावर जरा उभं राहिलं की चष्म्यावर चिकट खारट थर येतो, रुमालाने पुसला तर आणखी पसरतो. तोच थर जहाजावरच्या लेझरच्या काचेवर बसणार. बरं, काच धुता येते, पुसता येते, झाकता येते. मधली हवा कशी पुसणार? समुद्रावरच्या हवेत मिठाचे बारीक कण तरंगत असतात आणि हवा दमट झाली की ते पाणी शोषून फुगतात. झोत त्यांच्यावर आपटून विखुरतो. त्यात झोत जिथून जातो तिथली हवा तो स्वतःच तापवतो, ती तापलेली हवा भिंगासारखी वागते आणि ठिपका पसरवते. झोत जितका ताकदवान तितका हा त्रास जास्त. तिसरं, थंडाई. शंभर किलोवॉटमधली साठ-सत्तर किलोवॉट उष्णता शेवटी समुद्राच्या पाण्यातच सोडायची. अरबी समुद्राचं पाणी मे महिन्यात तीस अंशांच्या घरात असतं, तर चिलरला किती राबावं लागेल ते बघा.

कुणी म्हणेल, मुसळधार पावसात ड्रोनही उडत नाही. कबूल. पण कोकणातला पावसाळा म्हणजे चोवीस तास मुसळधार नव्हे. चार-चार दिवस नुसती भुरभुर, धुरकट उजेड, समोरचा खडक अर्धा दिसतोय अर्धा नाही. अशा हवेत ड्रोन उडतं. क्षेपणास्त्र तर उडतंच उडतं.

आता आपल्या चाचण्या बघा. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने आंध्रात कर्नूलच्या खुल्या रेंजवर ३० किलोवॉटचं लेझर शस्त्र चालवून दाखवलं. हैदराबादच्या ‘चेस’ या प्रयोगशाळेचं काम. विमानासारखं पंखांचं ड्रोन पाडलं, एकदम आलेली ड्रोन निकामी केली. कौतुकाची गोष्ट आहे, असं करू शकणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण कर्नूल म्हणजे रायलसीमा आणि एप्रिल म्हणजे ठणठणीत कोरडी हवा. आमच्या धंद्यात असल्या हवेत कुठलंही मशीन देवासारखं चालतं. सरकारी निवेदनात ‘लांब पल्ला’ आणि ‘काही सेकंद’ असे शब्द होते. काही म्हणजे तीन की तेरा? पुढे २३ ऑगस्ट २०२५ ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळ एकात्मिक हवाई संरक्षणाच्या चाचणीत दोन प्रकारच्या क्षेपणास्त्रांबरोबर लेझरही होता. ऑगस्ट महिना, समुद्राचा काठ, म्हणजे कर्नूलच्या एक पाऊल पुढे. तरी ते जमिनीवरचं हत्यार होतं. त्या दुपारी हवा कशी होती, ऊन होतं की मळभ, हे कुठे छापून आल्याचं मला दिसलं नाही.

जर्मनांनी यात मला पटणारं काम केलं. २० किलोवॉटपर्यंतचा लेझर एका कंटेनरमध्ये घालून ‘झाक्सन’ या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवर ठेवला आणि २०२२ ते २०२३ साधारण वर्षभर बाल्टिक समुद्रात तो शंभराहून जास्त वेळा चालवला. ताकद कमी, पण ऋतू सगळे पाहिले. उलट अमेरिकेने २०२० मध्ये ‘पोर्टलंड’ जहाजावरून १५० किलोवॉट जातीच्या लेझरने पॅसिफिकमध्ये ड्रोन पाडलं, पुढच्या वर्षाअखेर एडनच्या आखातात तरंगत्या निशाण्यावर तो चालवला, आणि ‘प्रीबल’ विनाशिकेवरच्या ६० किलोवॉटच्या ‘हीलिओस’ लेझरचा फोटो २०२५ च्या सुरुवातीला जगभर फिरला. फोटो झकास आहे. फोटोवरून काय कळतं, तर मशीन चालू झालं होतं. नवीन मशीनच्या पूजेला आम्हीही नारळ फोडून एक गणपती कापून दाखवतो, टाळ्या पडतात. मशीन कसं आहे ते दिवाळीनंतर कळतं.

चाचणी यशस्वी होऊनही हत्यार भंगारात जातं, हेही होऊन गेलंय. अमेरिकेनेच बोइंग ७४७ विमानात रासायनिक लेझर बसवून फेब्रुवारी २०१० मध्ये उडतं क्षेपणास्त्र पाडलं होतं. तोपर्यंत काही अब्ज डॉलर गेले होते. दोन वर्षांच्या आत तो प्रकल्प गुंडाळला, कारण कामाला येण्याइतकं अंतर त्या झोताला झेपत नव्हतं. चाचणीच्या दिवशीच्या बातम्या काढून बघा, त्यात हे सापडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आपल्या नौदलाच्या लेझरची चाचणी पश्चिम किनाऱ्यावर, चालत्या जहाजावर, जून ते सप्टेंबरमध्ये व्हावी. रत्नागिरी, कारवार, कुठेही. नौदल दिन डिसेंबरात असतो. २०२३ साली तारकर्लीला झाला तेव्हा कोल्हापुरातून गाड्या भरभरून लोक गेले. तेव्हाची हवा काचेसारखी स्वच्छ असते, त्या दिवशी काहीही दाखवलं तरी छानच दिसणार. आषाढात दाखवा. जमलं नाही तरी चालेल. कुठे जमलं नाही ते कळलं की लेझरचा डबा सुधारता येतो, काच झाकता येते, केबिन कोरडी ठेवता येते. ही कामं आकाशातली नाहीत. कोरडी हवा, गार पाणी आणि स्वच्छ काच सांभाळणारी पोरं गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत रोज हेच करत असतात. लेझरच्या आरशाखालचं बैठकीचं कास्टिंग तापल्यावर किती हलतं, हे आपल्या फाउंड्रीवाल्यांना कुणी विचारलं तर ते चहा पाजून सांगतील.

आणखी एक गोष्ट, तुमच्या लेखात नव्हती. डोळे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर लाइटने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण कोल्हापुरातच वाचल्या आहेत. तो लेझर दिसतो तरी, माणूस पापणी मिटतो. एक मायक्रॉनचा दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि झोत थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन भाजतो. परतलेला झोतसुद्धा. म्हणून आमच्या मशीनला खास काचेची केबिन असते आणि ती उघडली की मशीन आपोआप बंद होतं. माणसाला आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली आहे आणि भारत त्यात आहे. ड्रोन जाळणारा लेझर त्या बंदीत बसत नाही, ठीक आहे. पण चकचकीत ड्रोनवरून परतलेला झोत कुठे जातो आणि त्या दिवशी मच्छीमार बोटी किती लांब ठेवायच्या, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

आता आपल्याकडे एक मागणी. पुढच्या वेळी असं निवेदन आलं की छापायच्या आधी तुमच्या वार्ताहराने फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. निशाणा किती अंतरावर होता, झोत किती सेकंद धरावा लागला, हवेत आर्द्रता किती होती, आणि किती वेळा मारून किती वेळा जमलं. ‘गुप्त आहे’ असं उत्तर आलं तर त्यात वावगं काही नाही, संरक्षणाची गोष्ट आहे. पण मग तेच छापा, ‘ही माहिती दिली नाही’ म्हणून, आणि मथळ्यात दोन-तीन रुपये नकोत.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक लेझर कटिंगवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर